पहिल्या बांधीचा भाव

शेवंताबाईचा पाय घसरला नव्हता, तिनं तो पाच हजार रुपये घेऊन घसरवला होता, अशी बोलवा वर्षभर गावात फिरत होती. हापशीवर ती पाच हजारांची होती, दुकानाच्या फळीवर पोहोचेपर्यंत दहाची झाली आणि बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीच्या बसमध्ये बसली तेव्हा तिला सोन्याची एक फुलीही चिकटली. नुसता पाय घसरवायचे एवढे मिळतात हे कळल्यावर विहारासमोरच्या ओट्यावर बसणाऱ्या दोघा-तिघा रिकामटेकड्यांनी आपापले पाय चाचपून पाहिले म्हणतात. त्यांना कुणी विचारलं नाही.

खरं एवढंच होतं की पाय घसरला. पाच हजार तर सोडाच, त्या दिवशी तिची चप्पलही चिखलात गेली ती परत सापडली नाही.

आता एका बाईचा पाय घसरला तर गावानं वर्षभर का चघळावं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रोवणीचा, म्हणजे भातलावणीचा, भाव या गावात ना पंचायत ठरवते, ना तहसील. आषाढ लागला की सगळ्यात आधी हिरालालची मोठी बांधी, बांधानं वेढलेलं भातखाचर, चिखलून तयार होते, कारण मोटर त्याची आणि ट्रॅक्टरही त्याचा. वीस बायकांची टोळी बांधावर येऊन उभी राहते. टोळीची म्होरकी सगळ्यांच्या पुढे, हातात पऱ्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंडी. मालक एक भाव बोलतो, म्होरकी दुसरा बोलते, ओढाताण होते, थोडी शिवीगाळही होते. मग जमलं की म्होरकी पाय चिखलात टाकते. पाय पडला की भाव बांधला गेला. सबंध गावात, सबंध हंगामभर तोच चालायचा. पाय पडल्यावर मालकानं पाच रुपये कमी म्हणायचं नाही आणि बायांनी पाच जास्त म्हणायचं नाही.

पंचवीस वर्षं हा पाय शेवंताबाई रामटेकेचा होता.

मागच्या साली ती तीनशे मागायला उभी होती. भाव दोन वर्षं अडीचशेवर रुतून बसला होता. तिनं तोंड उघडलं, आणि आदल्या दिवशी लिपलेल्या ओल्या बांधावरून डावा पाय सुटला तो थेट गुडघाभर चिखलात. हिरालालनं छत्री मिटली आणि पोट धरून हसला.

"पाय पडला वो शेवंताबाई! भाव मागचाच."

ती पाय काढून पुन्हा वर चढू शकली असती. दुसरी कुणी असती तर चढलीही असती, आणि चार बाया तिच्या बाजूनं भांडल्याही असत्या. पण जो नियम तिनं पंचवीस वर्षं हिरालालच्या गळ्यात बांधून ठेवला होता तो स्वतःच्या पायापुरता सोडायला तिला जमेना. तिनं दुसराही पाय चिखलात टाकला आणि वाकून रोवायला लागली. वीस बायांचे बावीस दिवस, दिवसाचे पन्नास पन्नास रुपये, त्या एका निसरड्या बांधात गेले. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही. तिच्या डाव्या हाताला पंचवीस वर्षं रोवणारी गोदाबाई मात्र बोलली. हापशीवर.

तरी ही बोलवा कदाचित पुढच्या पाण्यात वाहून गेली असती. पण यंदा शेवंताबाईच्या मुलानं, खेमराजनं, हिरालालचीच तीन एकर जमीन ठेक्यानं घेतली. घरचा एक एकर आणि ही तीन, म्हणजे चार. गोदाबाईला आणखी पुरावा नको होता.

"पाह्य वो," ती अंजनाला, म्हणजे शेवंताबाईच्या सुनेलाच, म्हणाली, "पाय घसरला कोन्या साली अन् जमीन भेटली कोन्या साली. देवानं काही मले येडी नाही बनवली."

"देवानं नाही बनवली," अंजना बादली उचलत म्हणाली, "तुमीच मेहनत घेतली, काकू."

शेवंताबाई सतरा वर्षांची असताना भंडारा जिल्ह्यातून नदी ओलांडून या गावात सून म्हणून आली. तेव्हा दिवसभराच्या रोवणीला दोन पायल्या धान मिळायचं. मालकाच्या अंगणात पायली भरताना वरचा ढीग हातानं सपाट करतात की तसाच राहू देतात, यावरून मालकाची जात नाही, नियत कळायची. मग धानाचे पैसे झाले. पाच रुपये, बारा, पंचवीस, साठ. नवरा महागू नऊ वर्षांपूर्वी गेला, तेव्हा भाव दीडशे होता. तिला नवरा गेल्याचं साल आठवत नाही, भाव आठवतो. मुलाचा जन्म बारा रुपयांत झाला, त्याचं लग्न दोनशेत. असं म्हटलं की बाया हसतात, पण तिच्या हातात दुसरं पंचांग नव्हतं.

जेठात, रोवणीला महिना असताना, गावात सर्वेवाला आला. विवेक नावाचा, बालाघाटचा, चोवीस-पंचवीसचा, हातात टॅबलेट. कुठल्या घरात किती कमाई येते हे सरकारला पाहायचं होतं, आणि गावातल्या ज्या मोजक्या घरांची नावं निघाली त्यात खेमराज रामटेकेचं होतं. रेशनकार्ड कापायला आला म्हणून अर्ध्या आळीनं आपापल्या मोटारसायकली मागच्या दारी नेऊन ठेवल्या. विवेकनं कुणाची मोटारसायकल विचारलीच नाही. तो ओसरीत बसला, पाणी प्याला आणि म्हणाला,

"माताजी, घर की मुख्य आमदनी किससे है? खेती या मज़दूरी?"

"खेती," खेमराज म्हणाला.

"मजुरी," चुलीपासून अंजना म्हणाली.

विवेक हसला. "भैया, एक ही लिख सकता हूँ."

"खेती लिव्हा न साहेब. चार एकर हाये."

"मागच्या साली एकच होता," अंजना आतूनच म्हणाली. "तवा मीठ-मिरची कोनाच्या पैशानं आली ते इचारा."

नवरा-बायको एकमेकांकडे पाहीनात. विवेक टॅबलेटकडे पाहत बसला. शेवंताबाई म्हणाली, "ते रिकामं ठेव बापू जरा. पुढचं इचार."

पुढचं त्यानं दिवसाच्या मजुरीचं विचारलं. तिनं दोन पायल्यांपासून अडीचशेपर्यंत सगळे भाव सांगितले. पोरगा खूश झाला. "बहुत बढ़ी है, माताजी. काग़ज़ पर तो बहुत बढ़ी हुई दिखेगी."

"दिवस इचारले का तू?"

"वही पूछ रहा था. साल में कितने दिन?"

ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा रोवणीचे चाळीस दिवस, निंदणाचे तीस, कापणी-बांधणीचे चाळीस. आता रोवणीचे बावीस, कारण अर्ध्या लोकांनी धान फेकून पेरायला सुरुवात केली. निंदण तणाच्या औषधानं खाल्लं, राहिले आठ. कापणीला हार्वेस्टर येतो. बांधीच्या कोपऱ्यात जिथं ती मशीन वळत नाही, तिथल्या चार-चार ओंब्या हातानं कापायला बायांना बोलावतात. ते पाच.

"एकशेदहाचे पस्तीस झाले बापू. भाव वाढला हे खरं हाये. पन तो वाढत गेला अन् मांगून दिवस सरत गेले. भाव वाढला की गाव बोंबलते. दिवस कमी झाला त कोनी काही म्हणत नाही, काहून की न आलेल्या कामाचा आवाजच नाही होत."

विवेकनं हे सगळं लिहिलं की नाही माहीत नाही. त्या टॅबलेटमध्ये आवाजाचा रकाना नसावा. पण उठताना त्यानं तिच्या पायाला हात लावला.

आषाढ लागायच्या चार दिवस आधी हिरालालनं तिला अंगणात बोलावलं. खुर्ची दिली. ती खाली बसली. हिरालाल वाईट माणूस नव्हता. तोही साठीला आलेला, डिझेल आणि युरियाच्या भावानं रोज सकाळी चिडणारा, आणि धान विकताना खरेदी केंद्राच्या रांगेत तीन-तीन दिवस उभा राहणारा.

"शेवंताबाई, अडीचशे राहू दे यंदा. माहा मोहित बालाघाटात दुकानात लागला. बी.कॉम. शिकला अन् महिन्याचे अकरा हजार. दिवसाचे साडेतीनशे-पावणेचारशे झाले. अन् तुमी अंगठाछाप बाया तीनशे म्हणून राह्यल्या. वरून दर महिन्याले सरकारचे लाडली बहनेचे पैसे. पोरगा माहा येडा होऊन शिकला का?"

"मोहितले महिनाभर भेटते न जी," ती म्हणाली. "मले बावीस दिवस. तेही वर्षातून एक डाव. तुमच्या पोराले कमी भेटते हे मलेही दिसते. पन त्याचं कमी हाये म्हणून माहं आनखी कमी कराव, हे कोन्या दुकानात शिकवते?"

हिरालाल दुसरीकडे पाहत म्हणाला, "खेमराजनं तीन एकर घेतली. पाणी माह्या मोटरचं. पुढच्या सालीही त्यालेच देईन म्हणतो, ठेका न वाढवता. तुमी जरा समजून घ्याल त." धमकी म्हणावी तर आवाजात साखर होती.

घरी जेवताना तिनं ते सांगितलं. खेमराजचा हात ताटावरच थांबला.

"मंग माय, अडीचशेच बोल."

"अन् टोळीले का सांगू?"

"सांग का हिरालालभाऊ आयकत नाही. दरसाल कोनी ना कोनी आयकत नाहीच. मी पहिल्यांदा चार एकर लावून राह्यलो. माह्या बापानं कधी लावली होती का चार एकर?"

अंजनानं भाताचं भगुनं खाली ठेवलं. ती बारावीपर्यंत शिकली होती आणि हिशेब तोंडी करायची, जे नवऱ्याला अजून नीट सोसत नव्हतं. "चार एकराले आपली टोळी दोन दिवस लागन. घरच्या आमी दोघी सोडून अठरा बाया. पन्नास रुपये जास्तीचे म्हणजे तुमचे अठराशे जातीन. अन् बाकीचे वीस दिवस आमी दोघी दुसऱ्याच्या बांधीत. पन्नास-पन्नास जास्तीचे, म्हणजे दोन हजार येतीन. भाव वाढला त घराले दोनशे रुपये वरच हाये."

खेमराजनं मनात मोजलं. बरोबर होतं, म्हणून त्याला आणखीच राग आला. जाणारे अठराशे त्याच्या खिशातून एका संध्याकाळी, सगळ्यांसमोर जाणार होते. येणारे दोन हजार पन्नास-पन्नासनं बायांच्या पदरात येणार होते, आणि तेल-साबणात कधी विरघळले हे कुणाला कळणारही नव्हतं. एका घरात दोन कमाया होत्या, आणि त्यातली एक दिसत होती.

"दोनशे रुपयाचं राहू दे," तो म्हणाला. "ठेका गेला त त्याचं का?"

शेवंताबाईनं मुलाच्या ताटात आणखी भात वाढला. त्यानं तो खाल्ला नाही.

पहिल्या बांधीचा दिवस उजाडला. रात्रीतून पाऊस पडून गेला होता. हिरालालची बांधी कालवलेल्या पिठासारखी तयार होती, उपटलेल्या पऱ्यांच्या पेंड्या जागोजागी टाकलेल्या. वीस बाया बांधावर एका ओळीत उभ्या राहिल्या. शेजारची बांधी खेमराजची, म्हणून तोही फावडं घेऊन तिथंच होता. शेवंताबाईनं पेंडी उचलली.

मागून गोदाबाई कुजबुजली, कुजबूज सगळ्यांना ऐकू जाईल एवढी. "पाहू आता, यंदा उजवा घसरते का डावा."

शेवंताबाईनं मागे पाहिलं नाही. "तीनशे," ती म्हणाली.

"अडीचशे," हिरालाल म्हणाला.

"आजूबाजूच्या चार गावांत तीनशे झाले जी. नदीपल्याड साडेतीनशे देतेत, पिकअप दारात येऊन राह्यली."

"मंग जाय न पल्याड. कमरेले धरून दोन-दोन घंटे पिकअपमंधी उभी राहशीन?" हिरालालनं मान वळवली. "खेमराज, तू सांग बे. तुले चार एकर लावाची हाये. तू देशीन का तीनशे?"

खेमराजनं फावड्याचा दांडा या हातातून त्या हातात घेतला. आईकडे पाहिलं. मग चिखलाकडे.

"मले नाही परवडत," तो म्हणाला.

"आयकलं?" हिरालालनं छत्रीचं टोक बांधात रोवलं. "घरचा पोरगा नाही म्हणते, त गावानं काहून देवाव?"

या एका वाक्यासाठीच त्यानं जमीन ठेक्यानं दिली होती का, हे हिरालालही सांगू शकला नसता. पण शेवंताबाईला ते पाठीत बसलं. ओळीतल्या सगळ्या जणी तिच्या पाठीकडे पाहत होत्या हे तिला न वळता कळत होतं. आता अडीचशे म्हणून पाय टाकला असता तर कुणी अडवलं नसतं. दोष मुलावर गेला असता, तिच्यावर नाही.

"तो जमीनवाला म्हणून बोलला जी," ती सावकाश म्हणाली. "त्याले तसंच बोलाव लागते, तुमच्यासारखं. मी टोळीची म्हणून बोलून राह्यली. तीनशे."

वर ऊन निघालं. पऱ्यांच्या पेंड्यांची टोकं मऊ पडायला लागली. हिरालालनं घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, पुन्हा घड्याळ पाहिलं. शेवंताबाईचा गुडघा भरून आला होता, पण ती पेंडी धरून उभीच.

तेव्हा अंजना बांधावर खाली बसली. जो परवडत नाही म्हणाला त्याची बायको. सकाळचे आठही वाजले नसतील, तिनं डबा उघडला आणि शेजारणीच्या हातावर चटणी ठेवली. एकीचं पाहून दुसरी बसली. मग तिसरी. थोड्या वेळात बांधावर एकोणीस डबे उघडले गेले आणि आंब्याच्या लोणच्याचा वास हिरालालच्या छत्रीखाली पोहोचला. सगळ्यात शेवटी गोदाबाई बसली. बसताना तिचं तोंड वाकडंच होतं, पण बसली.

दुपारचं जेवण सकाळी उघडणाऱ्या बाया दुपारपर्यंत उठणार नाहीत, एवढं हिरालालला चाळीस वर्षांच्या शेतीनं शिकवलं होतं.

"तीनशे," तो म्हणाला. "टाक पाय." आणि मोटारसायकलीकडे जाता जाता, फार मोठ्यानं नाही, "खेमराज, यंदाचं यंदा कर. पुढच्या साली माही जमीन माह्यापाशीच राहू दे."

शेवंताबाईनं ते ऐकलं. मग बांधीत उतरली, वाकली, आणि पऱ्यांची पहिली चूड लावली. मागोमाग एकोणीस जणी.

खेमराज त्या दिवसापासून घरात बोलेनासा झाला. जेवायचा, उठायचा. आईनं विचारलं तर 'हौ' म्हणायचा, बायकोनं विचारलं तर तेही नाही. नऊ दिवसांनी त्याच्या बांध्यांची पाळी आली. टोळीनं दोन दिवस चार एकर रोवले, आणि नेहमीपेक्षा नीट रोवले. ओळी अशा सरळ की खेमराज बांधावरून पाहताना नको म्हटलं तरी पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नोटा घेऊन उभा राहिला. बाया पाय धुऊन एकेक पुढे येत होत्या. पहिली गोदाबाई.

तिनं नोटा घेतल्या, मोजल्या, त्यातली पन्नासाची एक काढली आणि खेमराजपुढे धरली.

"ठेव बापू. आमाले अडीचशेच पुरे. तुही जमीन आमच्यापाई गेली." मग शेवंताबाईकडे न पाहता, आवाज उतरवून, "अन् पाय घसरलाच होता वो शेवंता. मी पाह्यला होता घसरताना. मीच सगळ्यात जवळ होती."

मागच्या बायांनी माना डोलावल्या. दोघींनी आपल्याही पन्नासच्या नोटा काढून ठेवल्या. खेमराजनं आईकडे पाहिलं. पहिल्या बांधीच्या दिवसापासून पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्याचा हात त्या नोटेपर्यंत अर्धा गेला होता.

शेवंताबाई चिखलाचे हात पदराला पुसत पुढे आली. गोदाबाईच्या हातातली नोट तिनं घेतली, तिच्याच मुठीत परत कोंबली आणि मूठ दाबून बंद केली.

"आज याले अडीचशे केले, त उद्या हिरालालभाऊही गरीब होऊन येईन. अन् याले माय फुकट भेटली, बायको फुकट भेटली, दोन दिवस दोघीही राबल्या. तुमी कोनी याच्या फुकटातल्या नाही. तीनशे घे अन् घरी जाय."